गजभियेकाकांची पंगत

गजभियेकाकांना जेवायला बोलावणं ही कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळात एक शिक्षाच समजली जाई. खाण्याच्या बाबतीत माणूस मुळीच चोखंदळ नव्हता. भाजी खारट असो की वरण पाणचट, त्यांची तक्रार नसे. पण ताट समोर आलं की ते दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि घरातल्या बाईंना म्हणत, "तुम्ही बसा." बाई म्हणत, "तुम्ही सुरू करा काका, मी मागून बसते." काका म्हणत, "नाही नाही, तुम्ही बसा." बाई हसत, लाजत, मग वैतागत. बाकीचे पाहुणे घास हातात धरून ताटकळत. काका ढिम्म. शेवटी बाई ताट घेऊन टेबलाशी आल्या की मगच ते पहिला घास तोंडात घालत, आणि तोवर सगळ्यांचं जेवण निवलेलं असे.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मेधा, म्हणजे माझी बायको, तव्यावरच्या पोळ्या वाढायच्या तयारीत होती. काकांनी तिला स्टोव्ह बंद करायला लावला. ते गेल्यावर ती म्हणाली, "पुन्हा बोलावलंस तर मी पिझ्झा मागवीन." पुढच्या खेपेला तिनं रागारागानं खरोखरच पिझ्झा मागवला. काका इतके खूश झाले की विचारू नका. डबा टेबलाच्या मधोमध, सगळ्यांचे हात एकदम आत, आणि वाढायला कोणी उभंच नाही. तेव्हापासून आमच्याकडे काका आणि पिझ्झा हे समीकरण ठरून गेलं.

काका सत्तरच्या दशकात नागपूरहून आले. इथल्या स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. काकू गेल्यानंतर माउंटनवर, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला, एका छोट्या घरात एकटेच राहत. मुलगी प्रज्ञा एडमंटनला. इतकी वर्षं कॅनडात काढूनही बोलणं अस्सल नागपूरचं राहिलं होतं, आणि रागावले की ते आणखी नागपूरचं होई.

त्यांचा फोन हे दुसरं संकट होतं. फोन उचलला की पलीकडून "जय भीम" येई आणि मग शांतता. उत्तर आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. मंडळातल्या लोकांनी यावर नाना युक्त्या काढल्या होत्या. कुणी "हां, बोला काका" म्हणे, कुणी "नमस्कार, नमस्कार" असं दोनदा म्हणून भरपाई करी, आणि एक गृहस्थ दरवेळी "हॅलो? आवाज तुटतोय" म्हणत. मग काका पुन्हा, तितक्याच शांतपणे, "जय भीम." मी सरळ "जय भीम काका" म्हणायचो. त्यात अवघड काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण मंडळात मात्र त्यामुळे मी 'काकांचा माणूस' ठरलो, आणि काकांशी काही नाजूक बोलायचं असलं की मला पुढे करायची पद्धत पडली.

आता जयंतीबद्दल. डाउनटाउनमधल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये रोज दुपारी कोणालाही फुकट जेवण मिळे. कोण आलं, का आलं, हे विचारायचं नाही. काका दर आठवड्याला तिथे भाज्या चिरायला आणि भांडी विसळायला जात. पण चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, हा त्यांचा दिवस. त्या दिवसाचा सगळा स्वयंपाक त्यांचा. हार नाही, फोटोपुढे उदबत्ती नाही, भाषण तर नाहीच. भाषणाचं नाव काढलं की म्हणत, "त्यांनी स्वतःच एवढं चांगलं बोलून ठेवलं आहे, आपण काहून त्यात भर घालायची?"

त्या दिवसाचा नियम एकच होता. वाढून झालं की वाढणाऱ्यानं एप्रन काढायचा, आपली प्लेट भरून घ्यायची आणि मोकळी खुर्ची दिसेल तिथे, जेवायला आलेल्यांच्या शेजारी बसून जेवायचं. टेबलामागे उभं राहून हसतमुखानं वाढणं त्यांना पुरेसं वाटत नसे. "वाढणारा वरून वाढतो. घेणारा खालून घेतो. मग त्यात नवीन काय झालं?" असं ते म्हणत.

तिथे डेल नावाचा एक नेहमीचा माणूस होता. एके काळी स्टील प्लांटमध्येच भट्टीवर असलेला, पुढचे दोन दात नसलेला, कायम रेनकोट घालून बसणारा. तो काकांना 'गज' म्हणे. दर चौदा एप्रिलला विचारी, "हूज बर्थडे इज इट, गज?" काका सांगत, "द मॅन हू सेड यू अँड आय कॅन सिट टुगेदर." डेल म्हणे, "आय वॉज गॉना सिट हिअर एनीवे." यावर काका पोट धरून हसत. त्यांच्या मते जयंतीबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं नव्हतं.

बरं, हे सगळं ते एकटे सुखानं करत होते. पण त्यांना मंडळ हवं होतं. मी कितीदा म्हटलं, सोडा ना काका. गणपतीला जी माणसं आरतीनंतर पार्किंगवरून भांडतात, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची? पण नाही. "याच लोकांनी माझ्याबरोबर बसलं पाहिजे," ते म्हणत. "अमेरिकेचा अध्यक्ष येऊन बसला तरी मला त्याचा उपयोग नाही." त्यांची ही ओढ मला कधी कधी असह्य होई. इतका बुद्धिमान माणूस, आणि ज्या दारात कोणी 'या' म्हणत नाही त्याच दारात पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहतो, याचा मला संताप येई.

दोन हजार अठराच्या मार्चमध्ये अध्यक्षा अनघाताईंच्या ओकव्हिलच्या घरी बैठक झाली. अनघाताई डेंटिस्ट, मंडळासाठी जीव टाकणारी बाई. हे मी कुजकटपणे म्हणत नाही. काकू गेल्या तेव्हा महिनाभर काकांना डबा त्यांनीच पोचवला होता. डबा दारातच देऊन जायच्या, घाईत असायच्या, हेही खरं. पण घाईत कोण नसतं?

काकांनी आपला प्रस्ताव मांडला. चौदा एप्रिल यंदा शनिवारी येतो, सगळ्यांना सुट्टी, मंडळानं जयंती साजरी करावी.

"काका, सेवेला आमची ना नाहीच," अनघाताई म्हणाल्या. "बट वी हॅव टू बी नॉन-पॉलिटिकल. नाव आलं की ईमेल्स सुरू होतात."

"कोणाचं नाव आलं की?"

"म्हणजे... तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय."

"नाही कळून राहिलं. तू सांग."

अनघाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या चिवड्याकडे पाहिलं. नाजूक काम दर वेळी मीच का करायचं?

"आपण 'स्प्रिंग सेवा डे' म्हणू या ना," त्या म्हणाल्या. "यंग जनरेशनलाही अपील होईल."

सोफ्यावरून एक सभासद म्हणाले, "आणि काका, जयंती तुम्ही ब्रॅम्प्टनला तुमच्या लोकांबरोबर करताच की."

"माझे लोक कोणते, हे तू ठरवून राहिला काय?" काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली चमच्यांची किणकिण थांबली.

काकांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि म्हणाले, "बरं, नाव राहू द्या. बॅनर तुमचा, नाव तुमचं. मला एकच गोष्ट पाहिजे. वाढून झालं की सगळ्यांनी तिथं बसून जेवायचं."

"ऑफ कोर्स, काका! त्यात काय एवढं!" अनघाताई सुटल्यासारख्या हसल्या. सगळेच हसले. ठराव झाला, चहा आला.

परतताना काका माझ्याच गाडीत होते. हॅमिल्टन आल्यावर म्हणाले, "बाबासाहेबांचं नाव देऊन टाकलं रे मी आज." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण सगळे बसले, तर त्यांना चालेल असं वाटते मला. तुला काय वाटते?" मी म्हटलं, चालेल. दुसरं काय म्हणणार?

त्या शनिवारी मंडळाची वीसेक माणसं आली. आम्हा सगळ्यांना भगव्या रंगाचे टी-शर्ट मिळाले, पाठीवर 'स्प्रिंग सेवा डे'. काका आपल्या जुन्या निळ्या स्वेटरमध्ये सकाळपासून राबत होते. भात, वांग्याची भाजी, नागपुरी रस्स्याची कोंबडी, आणि तिखट न खाणाऱ्यांसाठी बटाट्याचं सूप. शंभर माणसं येतील म्हणून दीडशेचं शिजवलेलं. मी खाली गेलो तर टेबलांची मांडणी जरा विचित्र दिसली. जेवायला आलेली माणसं एकेक खुर्ची सोडून बसली होती. काकांनी डेलला सांगून ठेवलं होतं, प्रत्येक दोघांत एक जागा मोकळी ठेवा, आज माझी माणसं येणार आहेत. डेल हे काम मोठ्या इमानानं करत होता. मधल्या खुर्चीवर कोणी बसायला गेलं की हाकलत होता.

वाढणं झकास झालं. खोटं कशाला बोलू, मंडळाची माणसं मनापासून वाढत होती. फोटोही झाले, पुष्कळ झाले. मग अनघाताईंनी टाळ्या वाजवल्या. "व्हॉलंटिअर्स! सगळ्यांनी वर या. लंच इज अपस्टेअर्स!"

वरच्या खोलीत लहान मुलांच्या चित्रांखाली टेबलावर पांढरे डबे ओळीनं मांडले होते. बटाटेवडे, पुलाव, जिलबी. शनिवारचा उपवास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी वेगळी. काका कठड्याला धरून जिना चढून आले आणि दारात उभे राहिले.

"अनघा, हे काय?"

"सरप्राइज, काका!" त्या म्हणाल्या. "मला रात्रभर तेच वाटत होतं. त्यांच्या वाट्याचं आपण कसं खायचं? गरिबांच्या तोंडचा घास काढल्यासारखं नाही का होणार? म्हणून सगळ्यांसाठी मीच मागवलं. तुमच्यासाठी जिलबी एक्स्ट्रा."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. मी शोधला. निदान लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं.

"मी पुरून उरेल एवढं शिजवलं आहे," काका म्हणाले.

"मग ते त्यांना उद्या होईल ना!"

"खाली खुर्च्या ठेवल्या आहेत तुमच्यासाठी."

"हो हो, येतो ना आम्ही. जेवून घेतो आणि येतोच गप्पा मारायला."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजू लागले. फ्रीझिंग रेनचा, म्हणजे पडताच गोठणाऱ्या पावसाचा इशारा. एप्रिल उजाडला म्हणून अर्ध्या लोकांनी बर्फावर न घसरणारे विंटर टायर्स काढून टाकले होते. धावपळ उडाली. कोणी डबा बरोबर घेतला, कोणी दोन घेतले, "काका, ग्रेट इव्हेंट!" म्हणत प्रत्येकानं काकांना वाकून नमस्कार केला आणि बघता बघता पार्किंग लॉट रिकामा झाला. गप्पा मारायला कोणी खाली आलं नाही.

मी, मेधा आणि काका खाली गेलो. एकाआड एक रिकाम्या खुर्च्या तशाच होत्या. डेलनं विचारलं, "युअर फोक्स नॉट हंग्री, गज?"

"दे हॅड लंच," काका म्हणाले. मग त्यांनी टेबलाटेबलाशी जाऊन "मूव्ह इन, मूव्ह इन" म्हणत सगळ्यांना जवळ सरकवलं, आपली प्लेट वाढून घेतली आणि डेलशेजारी बसून जेवले. दुसऱ्यांदा भातही घेतला. मी आणि मेधाही समोर बसलो.

काकांना घरी सोडताना रस्ता काचेसारखा झाला होता. मी गोगलगायीच्या गतीनं गाडी हाकत होतो आणि माझं डोकं भडकलेलं होतं. "तुम्ही ओरडला का नाहीत?" मी विचारलं. "नाव सोडलंत, सगळं सोडलंत, आणि वर जिलबीचा डबा हातात घेऊन आलात!"

"ओरडलो असतो तर काय झालं असतं?"

"बसले असते!"

"हो. माझ्या धाकानं बसले असते. त्याचं मी काय करू?" काका म्हणाले. मग वायपरकडे बघत, मी न विचारताच, त्यांनी एक गोष्ट सांगितली. "प्लांटमधला माझा पहिला दिवस होता. जेवायच्या सुट्टीत मी कोपऱ्यात डबा उघडला. सवय होती तशी. एक धिप्पाड इटालियन शेजारी येऊन बसला. काही विचारलं नाही. माझ्या डब्यात हात घातला, वांग्याची फोड उचलली, खाल्ली, आणि म्हणाला, मीठ कमी आहे. संध्याकाळी मी घरी येऊन तुझ्या काकूला सांगितलं तर ती रडायला लागली. मी म्हटलं, वेडी आहे काय, भाजीला नाव ठेवलं म्हणून रडते? तेवढंच पाहिजे आहे रे मला. विचारल्याशिवाय."

त्यांना दारापर्यंत सोडून मी परत गाडीत बसलो तेव्हा मेधा मागच्या सीटवर डोळे पुसत होती.

पुढच्या आठवड्यात मी न राहवून अनघाताईंना फोन केला. त्यांना मनापासून धक्का बसला. "नितीन, तुला म्हणायचंय काय? आम्ही जातपात पाळतो? अरे, माझी मुलगी गोऱ्याशी लग्न करतेय!" मग मीच त्यांची समजूत काढत बसलो. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्यासाठी फोन केला ते बोललोच नाही आणि उलट त्यांच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफीची मदत कबूल करून बसलोय. फेसबुकवर आमचे फोटो झळकत होतेच. 'ब्लेस्ड टू सर्व्ह.' एका फोटोत काका कोपऱ्यात अर्धे कापले गेले होते.

जूनमध्ये काकांचा गुडघा पार बिघडला. प्रज्ञा येऊन घर विकायला लावून गेली. काका एडमंटनला निघाले. मंडळानं ऑगस्टमध्ये निरोप समारंभ ठेवला, आणि पुन्हा सांगतो, प्रेमानं ठेवला. हॉल भाड्यानं घेतला, फुलं लावली, मोठी माणसं आली की मुलांनी पाया पडायचं हेही शिकवून आणलं. काका मला आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "जेवण आहे ना रे? सगळे असतील ना?" आवाजात अशी काही उत्सुकता होती की मला जावंसंच वाटेना.

शाल झाली, श्रीफळ झालं. चार जणांनी भाषणं केली. काका किती साधे, किती सेवाभावी, आपल्या मंडळाचे कसे आधारस्तंभ. बाबासाहेबांचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. मग जेवणाची घोषणा झाली आणि सगळे बुफेच्या रांगेत लागले. काका उठू लागले तर दोघांनी त्यांना खांद्याला धरून पुन्हा बसवलं. "तुम्ही आजचे प्रमुख पाहुणे, काका. तुम्ही रांगेत उभं राहायचं?" स्टेजवर त्यांच्यासाठी छोटं टेबल आणलं, त्यावर पांढरी चादर. भरलेलं ताट आलं, वाट्या आल्या, फुलदाणीही आली. प्रज्ञा दुसऱ्या दिवशी पोचणार होती. खाली दोनशे माणसं गोल टेबलांभोवती कल्ला करत जेवत होती आणि वर काका शाल पांघरून, प्रकाशात, एकटे.

मी रांगेत मध्येच अडकलो होतो. वर जाऊ की आधी ताट घेऊ, असा विचार करतोय तोवर दिसलं की काका उठले आहेत. एका हातात ताट, दुसरा हात कठड्यावर. स्टेजच्या तीन पायऱ्या ते गुडघा सांभाळत एकेक करून उतरले आणि सरळ कार्यकारिणीच्या टेबलाकडे निघाले. तिथे अनघाताई, त्यांचे यजमान, सोफ्यावरचे ते सभासद, सगळे रंगात येऊन जेवत होते. एक खुर्ची मोकळी होती. काका चक्क हसत होते.

त्यांना येताना पाहून अनघाताई ताडकन उठल्या. त्या उठल्या म्हणून यजमान उठले. मग सगळं टेबलच उठलं.

"या या काका, इकडे बसा."

"अरे, उठू नका. बसा ना. मी बसतो इथंच."

"नाही नाही, तुम्ही निवांत बसा. आमचं झालंच होतं."

एका ताटात पुरीचा तुकडा मोडलेला होता, श्रीखंडाला अजून बोटही लागलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापलं ताट उचललं, टेबल मोकळं केलं, खुर्ची मागे ओढून धरली. शेजारच्या टेबलावरचे दोघे तिघेही आदरानं उभे राहिले.

"बसा रे," काका म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अनघा, बस ना."

अनघाताईंनी ताट डाव्या हातात घेऊन उजवा हात छातीशी नेला. "तुमच्यासमोर आम्ही कसं बसणार, काका?" त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

मी रांग सोडली, रिकाम्या हातानंच गेलो आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. काका अजून ताट धरून उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा वैतागूनच.

"तू काहून आला?" ते म्हणाले. "तू तर बसतोच."

गुडघा फार वेळ उभं राहू देईना म्हणून मग ते बसले. भिंतीशी सगळे ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवत होते आणि आमच्याकडे बघून प्रेमानं हसत होते.